रंग धरून ठेवणारा भुसा : एका कल्पनेचा प्रवास

मागील वर्षी एका तालुक्याच्या गावी शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या दोन मुलींनी मांडलेल्या प्रयोगापुढे बरीच गर्दी होती. भुईमुगाच्या टरफलांचा भुगा भरलेली एक उलटी टांगलेली बाटली, तिच्या तोंडाशी कापसाचा बोळा, वरून ओतलेले निळेशार पाणी आणि खालच्या पेल्यात थेंबथेंब साठणारे जवळजवळ रंगहीन पाणी. "सर, रंगाईच्या कारखान्यांचं पाणी असंच स्वच्छ करता येईल," त्यांतली एक आत्मविश्वासाने म्हणाली.

मी विचारले, "हा निळा रंग कोणता घेतलात?"

"मिथिलीन ब्लू. शाळेच्या प्रयोगशाळेत तोच होता."

"आणि हा निळा झालेला भुगा नंतर कुठे टाकणार?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. शेजारी उभे असलेले त्यांचे शिक्षक म्हणाले, "शेतात खत म्हणून टाकता येईल, सर."

मुलींना बक्षीस मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु परतीच्या एस.टी.त मला माझाच प्रबंध आठवत राहिला. उसाच्या चिपाडाचा भुगा पाण्यातला रंग किती आणि किती वेगाने धरतो, हा माझा विषय होता. त्यासाठी मीही मिथिलीन ब्लूच वापरला होता. प्रबंधात आलेख भरपूर होते. मात्र त्यांतला एकही खऱ्याखुऱ्या रंगाईच्या कारखान्यातील पाण्याचा नव्हता. जे दोन प्रश्न मी त्या मुलींना विचारले, ते मला माझ्या तोंडी परीक्षेत कोणी विचारले नव्हते. असे का झाले असावे, हे समजून घ्यायचे तर या कल्पनेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

कोळशाचा गुण

सुरुवात रंगापासून होत नाही, औषधापासून होते. सेंट पीटर्सबर्ग येथील औषधनिर्माता टोबियास लोवित्झ १७८५ साली टार्टारिक आम्लाचे स्फटिक तयार करीत होता. द्रावण तापवले की ते तपकिरी होई आणि स्फटिक मळकट निघत. त्यात लाकडी कोळशाची पूड घालून गाळल्यावर द्रावण स्वच्छ झाल्याचे त्याला दिसले. मग त्याने कोळसा धान्यापासून केलेल्या मद्यावर आणि दुर्गंधी सुटलेल्या पाण्यावरही वापरून पाहिला. दोन्ही ठिकाणी गुण आला.

या गुणाचा पहिला मोठा फायदा साखरेच्या धंद्याने उठवला. कच्ची साखर तपकिरी असते; पांढरी साखर हवी तर रंग काढावा लागतो. १८११ साली फ्रान्समधील फिग्विए याने हाडांचा कोळसा लाकडी कोळशापेक्षा रंग अधिक काढतो हे दाखवले आणि युरोपातील साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यांत हाडांचा कोळसा रूढ झाला. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत विलायती साखरेविरुद्ध जो एक आक्षेप घेतला जाई, त्याचे मूळ याच प्रक्रियेत होते.

कोळसा हे कसे करतो? स्पंज पाणी शोषतो तेव्हा पाणी त्याच्या आत शिरते. कोळशाच्या बाबतीत रंगाचे रेणू पृष्ठभागावर येऊन बसतात, फळ्यावर खडूची भुकटी बसावी तसे. हे वेगळेपण दाखवण्यासाठी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख कायझर याने १८८१ साली एक नवा शब्द रूढ केला. त्यालाच आपण मराठीत अधिशोषण म्हणतो. पुढे १९१६ ते १९१८ या काळात अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर याने त्याचे गणित मांडले. पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात. एका जागेवर एकच रेणू बसतो. सर्व जागा भरल्या की पुढचा रेणू पाण्यातच राहतो. एस.टी.तल्या आसनांसारखाच हा हिशेब आहे, फक्त इथे उभ्याने प्रवास नाही. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रावरील कामासाठी लँगम्यूरला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा जितका पृष्ठभाग मोठा, तितक्या जागा अधिक. फॉन ऑस्ट्रेज्को याने १९००-०१ मध्ये वनस्पतिज पदार्थांपासून अतिशय सच्छिद्र, म्हणजेच 'सक्रिय' कोळसा करण्याच्या पद्धतींची पेटंटे घेतली. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे एक हजार चौरस मीटर, म्हणजे कबड्डीच्या सात-आठ मैदानांइतके असते.

शेतीतला टाकाऊ माल या कामी मोठ्या प्रमाणावर प्रथम आला तो मात्र युद्धामुळे. एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की याने सक्रिय कोळशाचा वायुरोधक मुखवटा तयार केला. घट्ट, कठीण कवचापासून केलेला कोळसा वायू उत्तम धरतो, असे दिसून आल्यावर नारळाच्या करवंट्यांना मागणी आली. १९१८ साली अमेरिकेत नागरिकांना पीचच्या कोया आणि कठीण फळांची कवचे फेकू नका, सैन्यासाठी जमा करा, असे आवाहन करण्यात आले होते. काल जे उकिरड्यावर जात होते, त्यातून आज सैनिकाचा प्राण वाचू लागला.

कापसाने नाकारलेला रंग

आता दुसरा धागा रंगांचा. सुती कापड सहजासहजी रंग धरत नाही. म्हणून आपले रंगारी मंजिष्ठ वापरण्याआधी कापडाला हिरडा आणि तुरटी यांचे संस्कार करीत. तुरटी रंगाला धाग्याशी बांधून ठेवी.

१८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. हाती लागला एक जांभळा रंग. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८७६ साली हाइनरिख कारो याने मिथिलीन ब्लू तयार केला. १८८४ साली काँगो रेड हा तुरटीशिवाय थेट सुतावर बसणारा रंग आला, पण तो धुण्यात जाई. शेवटी १९५४ साली इंग्लंडमध्ये रॅटी आणि स्टीफन या रसायनशास्त्रज्ञांना धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग सापडले. ते १९५६ साली, पर्किनच्या शोधाच्या शताब्दी वर्षी, बाजारात आले. हेच विक्रियाशील रंग. कारखान्यातले लोक त्यांना 'रिॲक्टिव्ह' म्हणतात. ते उजळ असतात, धुण्यात टिकतात आणि आज सुती कापडासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

या रंगांमध्ये एक अडचण मात्र आहे. रंगाचे ऋणप्रभारित रेणू पाण्यात असतात आणि पाण्यात सुताचा पृष्ठभागही किंचित ऋणप्रभारितच असतो. दोघे एकमेकांना दूर ढकलतात. हा विरोध कमी करण्यासाठी रंगाच्या कुंडात लिटरमागे कित्येक दहा ग्रॅम मीठ घालावे लागते. नंतर बंध जोडण्यासाठी धुण्याचा सोडा घालतात. सोडा घातल्यावर रंगाचे काही रेणू धाग्याशी जोडले जातात, तर काही पाण्याशीच अभिक्रिया करून बसतात. असा पाण्याशी जोडलेला रेणू पुन्हा धाग्याशी जोडला जाऊ शकत नाही. रंगाच्या जातीनुसार व पद्धतीनुसार वापरलेल्या रंगापैकी दहा टक्क्यांपासून थेट निम्म्यापर्यंत भाग असा वाया जाऊन गटारात जातो. त्याच्याबरोबर सगळे मीठ आणि सोडाही जातो.

शिक्षकमित्रांनी येथे क्षणभर थांबावे. सांडपाण्यातला हा रंग म्हणजे कापसाने नाकारलेला रंग आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज. भुसा, चिपाड, काड यांतही मोठा वाटा सेल्युलोजचाच. एका भावाने ज्याला घरात घेतले नाही, त्याला दुसऱ्या भावाने घ्यावे, अशी आपली अपेक्षा आहे!

बेलफास्ट ते कोइमतूर

सक्रिय कोळसा रंग उत्तम काढतो, परंतु तो महाग पडतो. मग कोळसा न करता वनस्पतिज पदार्थ तसाच वापरला तर? हा विचार नेटाने पुढे नेला तो उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील पूट्स, मॅके आणि हीली यांनी. १९७६ साली त्यांनी दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. आम्लधर्मी रंग काढण्यासाठी एकात पीट आणि दुसऱ्यात लाकडाचा भुसा वापरला होता. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. आयर्लंडमध्ये तो विपुल आहे आणि कापडधंदाही तेथे जुना. जे जवळ मिळते ते वापरून पाहावे, ही दृष्टी त्यामागे होती.

१९८७ साली मॅके, एल-गेऊंदी आणि नसार यांनी उसाच्या चिपाडातील मऊ गाभ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिपाडापासून कागद करताना हा गाभा वेगळा काढावा लागतो, म्हणून तो खरोखरच टाकाऊ. त्यांच्या प्रयोगांत एक गोष्ट ठळकपणे दिसली : आम्लारिधर्मी, म्हणजे धनप्रभारित रंग या गाभ्यावर भरपूर बसत, आम्लधर्मी, म्हणजे ऋणप्रभारित रंग त्या मानाने फारच कमी.

आपल्या देशात या विषयाला गती आली ती १९९० नंतर. कोइमतूर येथील भारतियार विद्यापीठात नमशिवायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या खोडाचा गाभा (१९९२), नारळाच्या काथ्याचा भुसा, संत्र्याच्या साली (१९९६) अशा एकेक पदार्थाची कसून परीक्षा केली. कोइमतूरपासून तिरुप्पूर जवळच. होजिअरीचे आणि रंगाईचे ते मोठे केंद्र. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या दारातलाच होता.

त्यानंतर मात्र या विषयाला पूर आला. भाताचे तूस, गव्हाचे काड, दाणे काढलेली मक्याची कणसे, कडुनिंबाचा पाला, चहाचा चोथा. पदार्थ बदलावा, तीच पद्धत वापरावी आणि निबंध लिहावा, असे घडू लागले. २००६ साली फ्रान्समधील क्रिनी यांनी अशा स्वस्त अधिशोषकांचा विस्तृत आढावा घेतला. २०१० साली तर केवळ मिथिलीन ब्लू या एका रंगापुरता आढावा मलेशियातून प्रसिद्ध झाला, इतके काम त्या एकट्या रंगावर झाले होते.

मोजपट्टी आणि कापड

मिथिलीन ब्लूच का? याचे उत्तर इतिहासातच आहे. कोळशाचा दर्जा तपासण्यासाठी एक ठरलेला पदार्थ लागतो. मिथिलीन ब्लू स्वस्त, शुद्ध मिळणारा, सहज विरघळणारा आणि थोडासा असला तरी डोळ्यांना दिसणारा आहे. म्हणून कोळसा किती मिथिलीन ब्लू धरतो यावरून त्याची प्रत ठरवण्याची रीत पडली. म्हणजे मिथिलीन ब्लू ही मोजपट्टी होती. भुशाचा अभ्यास सुरू झाला तेव्हा ती मोजपट्टी तशीच उचलली गेली आणि हळूहळू मोजपट्टीलाच कापड समजण्याची चूक आमच्याकडून झाली.

भुशाचे आणि कोळशाचे काम वेगवेगळ्या रीतीने चालते. कोरड्या भुशाचे पृष्ठफळ ग्रॅमला जेमतेम काही चौरस मीटर असते. तो रंग धरतो ते मुख्यतः त्याच्यावरील आम्लगटांमुळे. हे गट पाण्यात ऋणप्रभारित होतात. मिथिलीन ब्लू धनप्रभारित आहे. तो ओढला जाणारच. विक्रियाशील रंग ऋणप्रभारित. तो ढकलला जाणार. पाणी बरेच आम्लधर्मी केले, सामू दोन-तीनवर आणला, तर भुसा असे रंगही धरतो. पण रंगाईचे पाणी सोड्यामुळे चांगलेच अल्कधर्मी असते. एवढ्या पाण्याला आम्ल घालायचे आणि सोडण्यापूर्वी पुन्हा उदासीन करायचे, यात स्वस्ताई कुठे राहिली?

हे सर्व काम निरुपयोगी होते असे नाही. ॲक्रिलिकच्या धाग्यांना आम्लारिधर्मी रंगच देतात. तेथे भुशाचा उपयोग होऊ शकतो. शिवाय भुशाचा प्रभारच बदलण्याचे प्रयत्न झाले. १९९६ साली अमेरिकेत लास्लो यांनी चिपाडावर आणि १९९७ साली मलेशियात लो व ली यांनी भाताच्या तुसावर धनप्रभारित गट बसवून ते विक्रियाशील रंग धरू शकतात हे दाखवले. युक्ती खरी, पण त्यासाठी रसायने लागतात, म्हणजे फुकटचा भुसा फुकट राहत नाही. आणि पाण्यातले क्षार त्याच जागांसाठी रंगाशी स्पर्धा करतात.

भुसा कुठे जाणार?

आता दुसरा प्रश्न. वर्गात सोडवता येईल असा एक हिशेब पाहू. एका लहान कारखान्यातून दिवसाला एक लाख लिटर पाणी निघते आणि त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग आहे असे धरा. म्हणजे रंग झाला १० किलो. भुशाचा एक ग्रॅम २० मिलिग्रॅम रंग धरतो असे माना. तर रोज ५०० किलो कोरडा भुसा लागेल, आणि तोही सर्व जागा पूर्ण भरल्या तर. रोज संध्याकाळी त्याहून कितीतरी जड असा ओला, रंगीत भुशाचा ढीग दारात उभा राहील. शेतात टाकावा तर रंग पावसाबरोबर मातीत आणि विहिरीत उतरण्याचा धोका. जाळावा तर रंगांमध्ये असलेल्या गंधक, नायट्रोजन आणि क्लोरीनचा धूर. रंग नाहीसा झालेला नसतो, त्याने फक्त पत्ता बदललेला असतो.

या प्रश्नाला थेट भिडणारे एक काम पुन्हा उत्तर आयर्लंडमध्येच झाले. अल्स्टर विद्यापीठातील पूनम निगम आणि सहकाऱ्यांनी २००० साली गव्हाचे काड, लाकडाच्या ढलप्या आणि मक्याची कणसे यांवर रंग बसवला आणि मग त्या रंगीत मालावर लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी वाढवली. ही बुरशी लाकडातील लिग्निनसारखा चिवट पदार्थ तोडते. त्याच विकरांनी ती अनेक रंगही तोडू शकते. रंग कुठे जाईल, याचा विचार प्रयोगाच्या आखणीतच केलेला होता, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

आणि मीठ? भुसा त्याला हातही लावत नाही. तिरुप्पूरची कथा येथे आठवावी. नोय्यल नदीवर ओरत्तुपालयम येथे शेतीच्या पाण्यासाठी बांधलेले धरण १९९२ साली पूर्ण झाले. थोड्याच वर्षांत त्यात रंगाईचे सांडपाणी साठू लागले. खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरी बिघडल्या त्या नुसत्या रंगाने नव्हे, क्षारांनी. रंग डोळ्यांना दिसतो, मीठ दिसत नाही. शेतकरी न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील सुमारे सातशे रंगाई-धुलाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर क्षारही वेगळे काढणाऱ्या, पाणी आणि मीठ दोन्ही पुन्हा वापरात आणणाऱ्या महागड्या यंत्रणांकडे त्या गावाला वळावे लागले. भुशाने पाणी रंगहीन करून नदीत सोडले असते, तर ते दिसायला स्वच्छ आणि शेताला तितकेच घातक ठरले असते.

'टाकाऊ' या शब्दाचाही पुनर्विचार हवा. आपल्याकडे साखर कारखान्यात चिपाड बॉयलरमध्ये जळते आणि त्यातून वीज होते. कडबा आणि काड गुरे खातात. काथ्याचा भुसा रोपवाटिकांमध्ये विकत घ्यावा लागतो. प्रबंधात जो माल फुकट असतो, त्याला गावात धनी असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा प्रयोग शाळेत करूच नये असे मी म्हणणार नाही. उलट तो पूर्ण करावा. टरफलांचा भुगा पाण्यात उकळून, पाणी रंगहीन येईपर्यंत धुऊन वाळवावा. (न धुतलेला थोडा भुगा साध्या पाण्यात ठेवून पाहा : पाणी पिवळसर होईल. म्हणजे भुसा स्वतःही पाण्यात काही सोडतो.) जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू बरोबर बहुधा इओसिनही असते. पहिला धनप्रभारित, दुसरा ऋणप्रभारित. दोन्हींची सारखी फिकट द्रावणे करून प्रत्येकी १०० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम भुगा घाला, अर्धा तास हलवत राहा आणि गाळा. निळा रंग जवळजवळ गेलेला, तर गुलाबी बराचसा शिल्लक असे दिसेल. मग तो निळा भुगा मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ढवळा. थोडा निळा रंग पाण्यात परत येतो. हातमोजे वापरा आणि उरलेला भुगा वेगळा साठवा, बागेत टाकू नका.

एवढे करायला दोन तासिका पुरतात. यानंतर विज्ञान प्रदर्शनात कोणी असा प्रयोग मांडला, तर त्याला चार प्रश्न जरूर विचारावेत : रंग कोणता? खऱ्या पाण्यात आणखी काय असते? भुसा किती लागेल? आणि नंतर तो कुठे जाईल?

त्या मुलींच्या शिक्षकांना मी इओसिनच्या प्रयोगाबद्दल कळवले. त्यांचे उत्तर आले. गुलाबी पाणी गुलाबीच राहिले, म्हणून मुली प्रथम हिरमुसल्या. नंतर त्यांनी विचारले की मग भुग्यालाच काही करता येईल का. मी माझ्या प्रबंधात हा प्रश्न विचारला नव्हता.